मधली चार मिनिटं

माउली, जवळ सरका, गुडघ्याला गुडघा लावून बसा. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

शुक्रवार पेठेतल्या देवळात रोज दुपारी कीर्तन असे, आणि ऋतुजा ते लॅपटॉपवरून माढ्याला पोचवी. तिथं तिची आई गोजाबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, उशाशी मोबाईल. लॅपटॉप जुना, लिनक्सवर चालणारा. त्याचं वायफाय रोज एकदा तरी मान टाकी. म्हणून ऋतुजानं छोटा प्रोग्राम लिहिला होता: दर पाच मिनिटांनी बघायचं, तुटलं असेल तर आपोआप जोडायचं. केव्हा तुटलं, केव्हा जुळलं, याची नोंदही तोच ठेवी.

"आई, आज मधली चार मिनिटं तुला काहीच ऐकू आलं नसेल गं."

"आलं की! बुवा थांबलं, तसं मागनं ह्यांनी अभंगाचं ध्रुपद उचललं. लई गोड."

ऋतुजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. 'हे' म्हणजे अण्णा, तिचे वडील, बुवांच्या मागं तीस वर्षं उभे राहिलेले बिभीषण टाळकरी. आई त्यांचं नाव कधी घेत नसे. आणि अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"परवा दारातनं ऐकू आलं," आई सांगत होती, "काल उंबऱ्याच्या आत. आज पायथ्याशी हुबं हुतं."

ऋतुजा घाबरली. तिनं प्रोग्राममध्ये पाच मिनिटांचे पाच सेकंद केले.

दुसऱ्या दिवशी फोनवर आईचं रडणं. "आज आलंच न्हाईत. पोरी, तू दार लावलंस व्हय?"

आईनं अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी, ऐन कीर्तनात, देवाकडं बघत ऋतुजानं प्रोग्राम बंद केला. थोड्याच वेळात वायफाय गेलं. जोडायला बोट पुढं झालं, ते तिनं मुठीत मिटलं. इथं टाळ घुमत होते, तिथं मोबाईल मुका.

आरती होईतो ती हलली नाही. मग आईच्या शेजारणीला, इमामबींना, फोन लावला.

"बेटी," इमामबी हळूच म्हणाल्या, "अम्मा गेल्या गं तुझ्या. हसऱ्या तोंडानं गेल्या. मोबाईल कवाचा गप हाय... पर खोलीत टाळ कोन वाजवतंय?"

माउली, कधी कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबले, तर तेवढ्यात गोजाबाईंची आठवण काढा. एवढंच मागणं.