नको असलेला शिपाई

मुलुंड पूर्वेच्या त्या गल्लीत मार्तंड धुरीला सगळे फौजी म्हणत. म्हणा असं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण म्हणू नका असंही कधी सांगितलं नाही. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि मार्तंड सैन्यात गेला, ड्रायव्हर म्हणून. दहाएक वर्षं मोठ्या गाड्या डोंगरातून वर नेल्या आणि मग घरी आला तो कायमचा. गल्लीला वाटलं, मुदत संपली असेल. बायकोला, माणिकला, त्यानेही तसंच सांगितलं होतं. पुढे भांडुपच्या एका छापखान्यात तो कागदाचे गठ्ठे उचलत राहिला. छापखान्याचा टेम्पो होता. मालक म्हणायचे, "धुरी, एवढा बसलेला हात तुझा, चालव की." मार्तंड म्हणायचा, "डोळ्यांना दिसत नाही नीट, साहेब." डोळे त्याचे चांगले होते.

झालं होतं ते असं. काश्मीरच्या रस्त्यावर त्याच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. गाडीत त्याच्याच तुकडीतला सीताराम होता. मार्तंडने आणि चंद्रप्रकाश खोपकरने मिळून त्याला बाहेर काढलं. सीताराम वाचला नाही. त्या दिवसानंतर मार्तंडला स्टिअरिंगसमोर बसता येईना. बसला की किल्ली फिरवायच्या आत खाली उतरून यायचा. सुट्टीवर घरी आला आणि परत जायची तारीख उलटली तरी गेला नाही. काही महिन्यांनी आपल्या पायांनी जाऊन हजर झाला. शिक्षा भोगली. पण आधीच्या दोन-तीन बारीकसारीक शिक्षा नावावर होत्याच, त्यात ही भर पडली, आणि त्याला काढून टाकलं. सर्व्हिस बुकात शेरा बसला, अनडिझायरेबल.

माणिकच्या किडन्या गेल्या तेव्हा शेजाऱ्यांनी म्हटलं, फौजीला कसली काळजी, मिलिटरीचं हॉस्पिटल आहे. माणिकनेही तेच धरून ठेवलं. मार्तंडने दोन-चार सबबी सांगून पाहिल्या, शेवटी तिला घेऊन गेला. खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट पाहिले आणि मागे बसलेल्या कारकुनाला सांगितलं, "अवांछनीय है. कार्ड नहीं बनेगा." उद्धटपणा नव्हता त्याच्या बोलण्यात. त्याने कागद नीट घडी घालून परत दिले.

घरी आल्यावर, पाणी प्यायल्यावर, माणिकने विचारलं, "अवांछनीय म्हंजे काय ओ?"

"नको असलेलो."

"कोणाक?"

मार्तंडने कागद उचलून कपाटात ठेवले. तिने पुन्हा विचारलं नाही. डायलिसिस दुसरीकडे चालू झालं, आणि होळीच्या सुमारास ती गेली. लेक, जान्हवी, बंगळूरहून आली, दिवस करून परत गेली. त्यानंतर घरात बोलायला कोणी उरलं नाही, आणि तो प्रश्न मात्र स्वयंपाकघरात, मोरीत, जिन्यावर, जिथे जाईल तिथे मार्तंडला गाठू लागला.

म्हणून तो वकिलाकडे गेला. गंधाली नावाची तरुण वकील घाटकोपरला बसायची आणि सैनिकांचीच प्रकरणं घ्यायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, आज याला आजार म्हणतात. त्यावर उपचार करतात. तेव्हा तुम्हाला डॉक्टरला दाखवलं होतं कोणी?"

"नाही."

"पेन्शनचं काय मागायचं?"

"काही नको. तो एक शब्द काढायचाय."

गंधालीने पेन खाली ठेवलं. "अवघड आहे. फार उशीर झालाय. त्या दिवशी तुमच्याबरोबर असलेलं कोणी हयात आहे का? त्याने शपथेवर सांगितलं, की हा माणूस त्यानंतर बदलला, तर फरक पडेल."

चंद्रप्रकाशचा पत्ता शोधायला पावसाळा गेला. तो गोरेगावातच निघाला. सैन्यातून हवालदार होऊन रिटायर झाला होता, मग स्टुडिओत सिक्युरिटीला होता, आता घरीच असायचा. मार्तंड निघाला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि वाटेत पाव किलो पेढे घेतले. बसमध्ये तो मनात वाक्यं जुळवत होता. इतकी वर्षं जगात एकच माणूस होता ज्याला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं, आणि तो मुंबईतच होता, आणि आपण कधी गेलो नाही, याचं त्याला नवल वाटत राहिलं.

दार चंद्रप्रकाशनेच उघडलं. अंगाने सुटला होता, पण तोच.

"चंदू," मार्तंड म्हणाला, "ओळखलंस?"

"या ना, बसा," चंद्रप्रकाश म्हणाला. "माफ करा हं, कोण आपण?"

मार्तंडने नाव सांगितलं, तुकडी सांगितली, साल सांगितलं. चंद्रप्रकाश मान हलवत राहिला. मार्तंडने सीतारामचं नाव घेतलं.

"सीताराम दोघे होते आमच्यात," चंद्रप्रकाश म्हणाला. "एक सातारचा. पण तो तर नंतर..." तो थांबला. "गाड्या फार गेल्या हो आमच्या. मी त्या रस्त्यावर तीनदा होतो. सगळ्यांची सरमिसळ झालीय डोक्यात."

"आपण दोघांनी काढलं त्याला."

"असेल. मी नाही म्हणत नाही."

चहा आला. चंद्रप्रकाशच्या बायकोने पेढे बशीत काढून आणले. मार्तंडने कामाचं सांगितलं. चंद्रप्रकाश लगेच म्हणाला, "आणा की कागद. करतो सही. एका फौजीचं भलं होत असेल तर माझं काय जातंय?"

मार्तंडने चहाचा कप खाली ठेवला. सही मिळाली तर काम होणार होतं. पण तिच्या वर जे लिहिलेलं असणार, ते या माणसाच्या डोक्यात नव्हतं. ते फक्त आपल्या एकट्याच्या डोक्यात आहे, हे त्याला तिथे, त्या सोफ्यावर बसून पहिल्यांदा कळलं.

"नको," तो म्हणाला. "तुम्हाला आठवत नाही, तर शपथेवर कसं सांगाल?"

"अहो, कोण विचारतंय एवढं?"

"मी घेणार नाही तशी सही."

गंधाली चिडली. चिडली तरी तिने काम सोडलं नाही. जुने हुकूम मागवले, रात्रंदिवस चाळले. मार्तंडला तिने सांगितलं, सुनावणीत विचारलं तर सगळं सांगा, घाबरू नका. तो घरी तयारी करू लागला. भाताला पाणी ठेवताना, कपडे वाळत घालताना तो हिंदीत बोलायचा, "साब, उस दिन सुबह से धुंद थी..." कुठे थांबायचं, काय गाळायचं, सगळं ठरवलं.

सुनावणी हिवाळ्यात, सैनिकांच्या न्यायाधिकरणात झाली. समोर एक निवृत्त न्यायमूर्ती आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी बसले होते. गंधाली उभी राहिली आणि म्हणाली, की काढून टाकण्याआधी या माणसाला कारणे दाखवा नोटीसच दिली गेली नव्हती. सरकारी वकिलाने कागद चाळले. नोटीस सापडेना. न्यायमूर्तींनी उशीर माफ केला. अधिकाऱ्याने मार्तंडकडे पाहिलं.

"कौन सा ट्रेड?"

मार्तंड ताठ उभा राहिला. "ड्राइवर, साब. उस दिन..."

"ठीक है. बैठिए."

पुढची दोन मिनिटं न्यायमूर्ती इंग्रजीत सांगत गेले आणि कोणीतरी टाइप करत गेलं. जुना हुकूम रद्द. शेरा काढावा. नेहमीची सेवामुक्ती समजावी. मग पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाहेर गंधालीने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, जिंकलो आपण."

"त्यांनी विचारलंच नाही," मार्तंड म्हणाला.

"नाही विचारलं तेच बरं झालं. विचारलं असतं तर पुरावा मागितला असता, अडकलो असतो."

तिला दुसऱ्या सुनावणीला जायचं होतं. जान्हवीला त्याने फोन लावला. ती खूश झाली, म्हणाली, "मस्त झालं बाबा, रात्री बोलू हं, मीटिंगमध्ये आहे." रात्री ती पोराच्या तापाबद्दल बोलली. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला सांगितलं.

आठवडाभर तो घरात बसून होता. मग एका रविवारी दुपारनंतर गोरेगावला गेला. चंद्रप्रकाश बनियनवर पेपर वाचत होता.

"काम झालं," मार्तंड म्हणाला. "आता सही नको. पण मला तुम्हाला सांगायचंय. ऐकाल?"

चंद्रप्रकाशने पेपर बाजूला ठेवला.

मार्तंडने सांगितलं. धुकं कसं होतं. सीतारामची गाडी वळणाआड गेली आणि आवाज झाला. "तो शुद्धीवर होता. आपल्या दोघांच्या हातांवर होता आणि म्हणत होता, इंजिन बंद करा रे, डिझेल जळतंय. गाडीच उरली नव्हती. तुम्ही म्हणालात, केलं बंद. तो म्हणाला, नाही, मला ऐकू येतंय. मग तुम्ही मला म्हणालात, मार्तंड, जा, बंद करून ये. आणि मी गेलो. रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो, आणि येऊन सांगितलं, केलं बंद. तेव्हा तो गप्प झाला."

आतून कुकरची शिट्टी आली. चंद्रप्रकाश खिडकीबाहेर बघत होता.

"मी म्हणालो असं?"

"हो."

"मला आठवत नाही हो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "खरंच नाही आठवत."

"असू दे," मार्तंड म्हणाला.

चंद्रप्रकाशच्या बायकोने जेवायला थांबायचा आग्रह केला, पण मार्तंड थांबला नाही. मुलुंडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. त्याने दार उघडलं, दिवा लावला आणि एका माणसापुरते तांदूळ धुवायला घेतले.