गावपळणीत घरी राहिलेला फोन

कोंडसड्याच्या रवळनाथाने कौल दिला की अख्खा गाव तीन दिवस घरंदारं सोडून शिवेबाहेर राहायला जातो. गावात कुत्रं राहता कामा नये, कोंबडी राहता कामा नये, मांजर तर नाहीच नाही. का म्हणून विचाराल, तर म्हातारे एवढंच सांगतात, "देवाक गाव मोकळो व्हयो." तीन-चार वर्षांतून एकदा येते ही गावपळण.

शुक्रवारी सकाळी सत्यवतीने कोंबड्या दोनदा मोजून डालग्यात कोंबल्या. मांजरीला पिशवीत घातलं. ती बोचकारली ते वेगळंच. तांदूळ घेतले, कुळथाची पिठी घेतली, घराला कुलूप लावून चावी कमरेला खोवली आणि बाई शिवेबाहेरच्या सड्याची, त्या कातळमाळाची, चढण चढली. जीव असलेलं एकूण एक तिने आठवणीने उचललं. फोनला कुठला आलाय जीव? तो राहिला देव्हाऱ्याखाली, चार्जिंगला लावलेला.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा शीव ओलांडून झाली होती. आता देवाचा कौल होईपर्यंत मागे फिरायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही.

"गो सुगंधा, माझो फोन घराक रवलो!" ती रडायलाच लागली.

सुगंधा तिची शेजारीण. तिच्याच घरवाल्याने, भाईने, सत्यवतीची माडाच्या झापांची खोपी बांधून दिली होती. मागच्या गावपळणीला ती बाबलीने बांधली होती. बाबली म्हणजे सत्यवतीचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा खोपीत तिघं होती, मुलगा सिद्धेश मुंबईहून रजा काढून आला होता. यंदा रजा नाही म्हणाला. बरं, नाही तर नाही. पण दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, आणि सत्यवतीचा आठवडा त्या फोनापासून सुरू व्हायचा. दोन मिनिटं का होईना, "आये, बरी आसंस मां?" एवढं तरी कानावर पडायचं.

"मगे रडतंस कित्या? माझ्या फोनावरसून लाव. सिद्धेशचो नंबर आसा माझ्याकडे," सुगंधा म्हणाली.

सत्यवतीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. म्हातारीच्या डोक्यात काहीतरी शिजलं होतं. रविवारी पोरगा फोन लावणार. आई उचलणार नाही. पुन्हा लावणार, तरी नाही. मग घाबरेल, जीव खालीवर होईल त्याचा, रात्रीची गाडी पकडेल, सोमवारी सकाळी नांदगावला उतरेल आणि रिक्षा करून थेट सड्यावर येईल. नाही म्हणायला गावपळण कधी ते त्याला सांगितलं होतं; पण त्याला कसलं लक्षात राहतंय!

"रवांदे गो," ती म्हणाली. "येतलो तो, बघ."

घ्या! मनातले मांडे खायला ना पीठ लागतं ना चूल.

आता त्याच सड्यावर पुण्याहून आलेली आणखी एक पलटण होती. सर्वेश सर नावाचे एक गुरुजी आणि त्यांचे आठ विद्यार्थी, गळ्यात कॅमेरे, पाठीवर पिशव्या. प्रवासात फोटो कसे काढावेत याची कार्यशाळा म्हणे. खोप्यांच्या रांगा, फुगड्या, भजनं, झाडाला बांधलेली गुरं, सगळं त्यांनी टिपलं. पण सरांचा डोळा सत्यवतीच्या खोपीवर. "सगळीकडे गोतावळा आणि इथे एकटी बाई. कमाल फ्रेम आहे!" असं ते तिच्यासमोर उभं राहून म्हणाले. कमाल! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, सर.

त्यातली रश्मी नावाची मुलगी तेवढी खोपीत येऊन बसली, पिठी-भात जेवली आणि तिने फोनची हकीकत ऐकून घेतली. रविवारी दुपारी ती हळूच म्हणाली, "आजी, चावी द्या. मी गुपचूप जाऊन फोन आणते. मलाही रिकाम्या गावाचे फोटो मिळतील. कोणाला कळणार नाही."

सत्यवतीचा हात कमरेपाशी गेला. खोटं कशाला सांगा, गेला. सिद्धेशने किती वेळा लावला असेल? पाच? दहा? एकदा डोळ्यांनी बघावं असं तिला फार वाटलं.

"नको गो बाय," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या गावान घर सोडल्यान, आणि माझ्या एका फोनासाठी देवाचो नेम मोडूचो? आणि तुका गावचे लोक कॅमेऱ्यासकट हाकलतले."

मुलगी ओशाळली. सत्यवतीने तिच्या हातावर खोबऱ्याची कापणी ठेवली.

सोमवारी सकाळपासून सत्यवती चढणीच्या तोंडाशी बसून होती. रिक्षाचा आवाज आला की उठायची. एक रिक्षा भाईच्या सामानासाठी आलेली, दुसरी सरांना आणि अर्ध्या पलटणीला न्यायला. सुगंधाने एकदा हाक मारली, "चाय घे गो," तर हिने मानसुद्धा वळवली नाही. दुपारी देवाने कौल दिला, ढोल वाजले, आणि माणसं-गुरं-कोंबड्या सगळी गावात परत निघाली. सत्यवती सर्वांत शेवटी उतरली.

कुलूप काढून ती आधी देव्हाऱ्याकडे गेली. फोन भरलेला होता, शंभर टक्के. पडद्यावर लिहिलेलं होतं, एक मिस्ड कॉल. एकच? असू दे, एक तर एक! चष्मा लावून पाहिलं. कॉल सिमकार्डाच्या कंपनीचा होता. रिचार्ज संपत आला होता.

सिद्धेशचा एकही नव्हता. त्याने फोनच केला नव्हता.

पिशवीतली मांजर ओरडत होती, तिला सोडायचंही सत्यवतीला सुचलं नाही. तीन दिवस ती कोणाची वाट बघत बसली होती? ज्याला ती हरवल्याचा पत्तासुद्धा नाही, त्याची.

"आजी, निघते हं!" दारात रश्मी उभी होती, मागे रिक्षा थांबलेली. "आला होता का फोन?"

सत्यवतीने डोळे पुसले आणि वळली.

"इलेलो तर! सात वेळा लायल्यान. कावरोबावरो झालो बिचारो."

"बघा, तुम्हाला वाटलं होतं तस्संच!" मुलगी मनापासून खूश झाली. "मग आता बोला त्यांच्याशी. बोलता बोलता एकच फोटो काढते. तुमचा एकटीचाच काढला सगळ्यांनी, मला हा हवाय."

आता काय करणार? सत्यवतीने नंबर न दाबताच फोन कानाला लावला.

"होय रे बाबा, मी बरी आसंय," ती म्हणाली. "घाबारतंस कित्या? गावपळण न्हय काय, फोन घराक रवलो. खोपी भाईन बांधल्यान. मांजरीन बोचकारल्यान तेवढाच, बाकी सगळा बरा आसा."

कॅमेरा वाजला. "मस्त आला, आजी! हसताय किती छान. येते हं."

सत्यवतीने तिला हातानेच निरोप दिला. रिक्षा गेली, आवाज वळणापलीकडे विरला. तिने फोन कानाचा काढला नाही.

"नाय रे, माका काय व्हया? काय नको," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तू जेवलंस मां?"