एका फोनवर दोन बाप

विचारपूस न करणाऱ्या माणसाला उत्तमराव माणसांत धरत नसत. अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेली. तेव्हा 'लाइन लागली नाही' ही सबब त्यांच्यापुढे चालायची नाही. त्यांचा गुडघा बदलला तेव्हा उदगीरच्या मेव्हण्याने फोन केला नाही. पुढे त्याच मेव्हण्याच्या घरच्या लग्नात उत्तमराव गेले, जेवले, आहेर केला आणि त्याच्याशी एक अक्षर न बोलता परत आले. त्या दिवसापासून सगळ्या गोतावळ्याने धसकाच घेतला. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या त्या घरात कुणाला शिंक आली तरी नांदेड-लातूरपर्यंतचे फोन यायचे आणि उत्तमराव प्रत्येकाला ती शिंक पहिल्यापासून सांगायचे.

म्हणून जूनमधल्या त्या शनिवारी दुपारी प्रबुद्धचा फोन आला, तेव्हा पुढे जे झालं ते व्हायचंच होतं असं म्हणावं लागतं.

प्रबुद्ध त्यांचा एकुलता एक. कुकटपल्लीच्या एका कंपनीत नोकरीला. खालच्या मजल्यावरच्या हिम्मतरावांचा कुलदीप त्याच कंपनीत, त्यामुळे दोघांचं येणंजाणं एकाच बाइकवर. पोरांची दोस्ती घट्ट. बापांची मात्र जिन्यातल्या नमस्कारापुरती. शहरातच हिमायतनगरला हिम्मतरावांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं, गावाकडे जमीन होती. आठ वर्षं एका इमारतीत राहून त्यांनी उत्तमरावांच्या घरचा चहा घेतलेला नव्हता. का घेतला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलले नव्हते.

दोघं पोरं सुट्टीला आंध्रच्या किनाऱ्यावर, बापटल्याकडे समुद्र बघायला गेली होती. किनाऱ्यावरच्या एकाने 'आत चक्कर मारून आणतो' म्हणून त्यांना आपल्या फायबरच्या बोटीत घेतलं.

"पप्पा, टेन्शन नका घेऊ," प्रबुद्ध म्हणाला. "इंजिन बंद पडलंय. बोटवाला बघतोय, पण चालूच होईना. वारा किनाऱ्याकडून आहे, आम्ही आत आत चाललोय. झाडं आता बारीक दिसायलेत."

"मग दुसऱ्या बोटीला हाक मारा की!"

"बोटीच नाहीत पप्पा. मासेमारी बंद आहे सध्या, सगळ्या वर ओढून ठेवल्यात. मी पोलिसांना कळवलंय, तुमचा नंबर पण दिलाय. ते तटरक्षक दलाला सांगतो म्हणाले."

सखूने नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "जॅकेट घातलंस का? ते नारंगी?"

"घातलंय मम्मी. दोनच होते, सीटखाली टाकलेले. कुलदीपच्या जॅकेटचं बक्कल तुटलंय, दोरी बांधलीय त्याला."

"तू तुझं काढू नको हं. कुणी मागितलं तरी काढू नको."

असं म्हणून झाल्यावर सखू स्वतःच ओशाळली. पण बोललेलं परत घेतलं नाही.

कुलदीपचा फोन फोटो काढताना पाण्यात पडला होता. बोटवाल्याचा किनाऱ्यावर चार्जिंगला राहिला होता. म्हणजे त्या बोटीत तीन माणसं आणि एकच फोन. हे उत्तमरावांना कळलं, पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला नाही. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. परिवाराच्या ग्रुपवर लिहिलं: 'आपला प्रबुद्ध समुद्रात अडकला आहे. बोट बंद पडली आहे. सर्वांनी मंगल कामना करावी. जय भीम.'

मग ते खाली जाऊन हिम्मतरावांना घेऊन आले. हिम्मतराव अनवाणीच जिना चढले. पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर टेकले. सखूने पाणी दिलं, ते घटाघट प्यायले. मग चहा आला, तोही प्यायले. एरवी केवढी मोठी गोष्ट ठरली असती. त्या दिवशी कुणाचं लक्षही गेलं नाही.

"मला माझ्या पोराशी बोलू द्या," ते म्हणाले.

उत्तमरावांनी नंबर लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. कितीतरी वेळाने लागला, तेव्हा आवाज तुटक येत होता. "प्रबुद्ध, हे बघ, हिम्मतराव इथंच आहेत, माझ्याजवळच बसलेत. कुलदीपला दे." पलीकडे वाऱ्याचा आवाज आला, "हौ, देतो" असं काहीतरी आलं. हिम्मतरावांनी हात पुढे केला, फोन कानाला लावला, आणि लाइन गेली. कानाला फोन लावून ते तसेच बसून राहिले.

तेवढ्यात त्याच फोनवर अनोळखी नंबर वाजला, उत्तमरावांनी तो घेतला. तटरक्षक दलाचे अधिकारी होते. आवाज तरणा, पण बोलणं तोलून मापून.

"अंकल, आपके बेटे का फोन कब से लगा रहा हूँ, बिज़ी आ रहा है. कौन बात कर रहा है उससे?"

कोण बोलत होतं हे उत्तमरावांना माहीत होतं. सगळेच बोलत होते.

"देखिए, वो एक फोन हमारी आँख है. उसी से लोकेशन मिलेगा. हवा और पानी बोट को हर घड़ी सरका रहे हैं. बैटरी गई तो हम समंदर में अंदाज़े से ढूँढेंगे. सबको बोलिए, कोई फोन नहीं करेगा."

उत्तमरावांनी घाईघाईने ग्रुपवर लिहिलं की कृपया कुणीही प्रबुद्धला फोन करू नये. खाली भराभर हात जोडल्याची चित्रं उमटली. पण तोवर त्यांचा पहिला निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवरून विहाराच्या ग्रुपवर, तिथून शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर गेला होता, कुणीतरी खाली प्रबुद्धचा नंबरही जोडला होता. सुटलेला बाण आणि फॉरवर्ड झालेला निरोप, दोन्ही परत येत नाहीत.

ते एकेकाला फोन लावत सुटले. नांदेडची गीता, त्यांची बहीण, हुंदके देत म्हणाली, "दादा, मी जास्त नाही रे बोलले. त्याचा आवाज ऐकला आणि मला रडूच आवरेना. तोच मला समजावत बसला." पुण्याच्या हर्षवर्धनने तर व्हिडिओ कॉल केला होता. "काका, बोट कुठल्या दिशेला चाललीय ते मला बघायचं होतं." आणि उदगीरचा मेव्हणा मोठ्या समाधानाने म्हणाला, "दाजी, या वेळी तुम्हाला बोलायला जागा ठेवली नाही. पहिला फोन माझा होता. चांगला धीर दिला त्याला, बराच वेळ बोललो."

उत्तमरावांना त्याच्यावर ओरडायचं होतं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार? ही शिस्त त्यांनीच लावलेली. एवढी माया, एवढी माणसं, आणि एकेकाची माया त्या फोनमधला जीव थोडा थोडा पिऊन गेली होती.

ऊन कललं. खालच्या मजल्यावर कुलदीपच्या आईने, सुशीलाबाईंनी, देव पाण्यात घालून ठेवले होते. वर सखू बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत होती, मधेच शब्द विसरत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. हिम्मतरावांचा भाऊ गाडी घेऊन बापटल्याला निघाला होता. पण पोचून तोही वाळूवरच उभा राहणार होता. हैदराबादेत बसून करायचं काय? टीव्ही लावला तर त्यात निवडणुकीची भांडणं. खिडकीतून बघितलं तर खाली मिरचीभजीवाल्याकडे गर्दी. समुद्राचं या शहराला काही देणंघेणं नव्हतं.

अधिकाऱ्यांचा पुन्हा फोन आला. "जहाज़ निकल चुका है, सुबह तक वहाँ पहुँचेगा. हवाई जहाज़ उजाला रहने तक देखेगा. बैटरी एकदम थोड़ी बची है. मैंने बेटे को बोल दिया है, फोन जेब में रखो, बीच-बीच में सिर्फ़ लोकेशन भेजो. आप भी सुन लीजिए. वो घबराकर आपको लगाए, तो भी काट देना. बात में सबसे ज़्यादा बैटरी जाती है. दिल कड़ा करना पड़ेगा, अंकल."

फोन स्पीकरवर होता. हिम्मतरावांनीही सगळं ऐकलं.

"करतो," उत्तमराव म्हणाले. एवढ्या वेळात काहीतरी करण्यासारखं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. दुपारची चूक आता तरी भरून काढायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. फोन टीपॉयवर ठेवला. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हिम्मतराव.

दिवे लागले आणि फोन वाजला. काचेवर नाव आलं: प्रबुद्ध.

"उचला," हिम्मतराव म्हणाले.

आतली वंदना थांबली. सखू दारात येऊन उभी राहिली.

"उचला हो उत्तमराव. नुसतं हॅलो म्हणा. माझ्या पोराचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. तुम्ही तरी बोललात. एकदा उचला."

"साहेब काय बोलले, ऐकलात ना तुम्ही?"

"हौ, ऐकलो. तरी उचला."

उत्तमरावांनी फोन कापला. पोराचं नाव काचेवरून गेलं, तेव्हा आपल्याच हाताने काहीतरी मोडलं असं त्यांना वाटलं. लगेच पुन्हा वाजला. हिम्मतराव खुर्चीतून अर्धे उठले, त्यांचा हात फोनपर्यंत आला. उत्तमरावांनी फोन उचलून छातीशी धरला आणि तिथेच कापला.

मग तो वाजला नाही.

हिम्मतराव परत खुर्चीत बसले. ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं उत्तमरावांना पुढे कितीदा तरी वाटलं. थोड्या वेळाने अधिकाऱ्यांनी कळवलं की फोन बंद झाला आहे, लोकेशन येत नाही. दोघं रात्रभर तिथेच बसून राहिले.

सकाळी निरोप आला. बोट उलटलेली सापडली. तिला धरून दोन माणसं जिवंत होती.

"कौन दो?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाम अभी नहीं पता. जहाज़ से खबर आ रही है."

तीनातले दोन. दोघं बाप समोरासमोर बसले होते आणि एकमेकांकडे बघण्याची कुणाची छाती होत नव्हती. पोरं दोन्ही वाचावीत, म्हणजे मग तो बोटवाला... हा विचार उत्तमरावांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची किळस आली. हिम्मतरावांच्याही मनात तोच आला असणार. बोटवाल्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं, आणि तिकडे बहुधा त्यांच्या पोरांबद्दल हाच विचार चालला होता.

फोन वाजला. बोटवाला आणि प्रबुद्ध.

सखू मोठ्याने रडली, मग खाली सुशीलाबाई आहेत हे आठवून तिने तोंडात पदर कोंबला. उत्तमरावांच्या जिवात जीव आला होता आणि तो आलेला जीव लपवायला त्यांना जागा सापडत नव्हती. हिम्मतराव उठले, "चला, मी निघतो तिकडं," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुपारी दवाखान्यातून प्रबुद्धचा फोन आला, कुण्या नर्सच्या मोबाइलवरून. आवाज ओळखू येत नव्हता. अंधार पडल्यावर लाटेने बोट उलटली, तो सांगत होता. तिघंही धरून होते. कुलदीपच्या जॅकेटची दोरी सुटली, जॅकेट डोक्यावरून निघून गेलं. पहाटेपर्यंत त्याने हात सोडला नव्हता. मग सोडला.

"मी माझं काढलं नाही, पप्पा," तो म्हणाला. "मम्मी म्हणली होती ना."

बराच वेळ तो नुसता रडत होता. मग म्हणाला, "संध्याकाळचे ते दोन फोन तुम्ही कापले ना?"

"साहेबांनी सांगितलं होतं रे."

"मला पण सांगितलं होतं. ते मी नव्हते लावले. कुलदीपने लावले. मी नको म्हणत होतो. तो म्हणला, माझे बाबा तिथंच बसलेत, एकदाच बोलतो."

समुद्रात चार दिवस शोध चालला. मग थांबवला. हिम्मतराव परत आले आणि घरी टेकण्याआधी जिना चढून वर आले. त्याच खुर्चीवर बसले. दाढी वाढलेली, पायांना वाळू.

"प्रबुद्ध काही बोलला काय?" त्यांनी विचारलं. "आमचा कुलदीप शेवटी काही बोलला काय?"

खोटं बोलावं असं उत्तमरावांना फार वाटलं. पण त्या माणसाने आठ वर्षांत त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच त्यांनी नाकारली होती. त्यांनी सांगितलं. दोन्ही फोन कुलदीपचे होते. तुमच्याशी बोलायचं होतं त्याला.

हिम्मतरावांनी मान हलवली. मग हात पुढे केला. "फोन द्या तुमचा."

त्यांनी प्रबुद्धचं नाव शोधलं, दाबलं, कानाला लावलं. फोन बंद असल्याचं एक बाई तेलुगूत सांगत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावलं, पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं. उत्तमराव समोर उभे होते आणि त्यांना बसताही येत नव्हतं.

तिसऱ्यांदा लावायला गेले, तेवढ्यात त्यांच्या हातातच फोन वाजला. काचेवर गीताचं नाव होतं. हिम्मतरावांनी ते वाचलं आणि फोन उत्तमरावांपुढे धरला.

"उचला," ते म्हणाले. "विचारपूस करायला असतील."

उत्तमरावांनी फोन हातात घेतला. तो वाजत राहिला. त्यांना तो उचलताही येईना आणि कापताही येईना.