गंज झाकणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. वय विचाराल तर तीन आठवडे, आणि लांबी वीतभर. पण माझी दारे गंजलेली आहेत, मडगार्डचे पोपडे निघालेले आहेत, आणि ही सारी दुर्दशा माझ्या धन्यांनी मोठ्या कष्टाने घडवली आहे.

धनी गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचे. चाळीस वर्षे त्यांनी गंज घासून काढला आणि निवृत्त झाल्यावर तोच लावायला बसले. आधी मला तपकिरी रंग दिला. मग ओलसर अंगावर मिठाचे खडे चिकटवून वरून निळा रंग मारला. वाळल्यावर मीठ झाडले, तसे खालचे तपकिरी डाग उघडे पडले. चालकाच्या दाराखालचा डाग सर्वांत मोठा. ज्या खऱ्या गाडीवरून मला घडवले, तिला तो तिथेच होता. अंगावर असा रोग चढवून घ्यायला कोणाला आवडेल? पण मी मुकाट सोसले.

कारण होते धन्यांचे थोरले भाऊ, दादा. त्यांना हल्ली घरची माणसेही परकी वाटत. धन्यांना त्यांनी हाक मारून वर्ष झाले होते. तरुणपणी दोघांची मिळून एक निळी गाडी होती, तिचीच मी प्रतिकृती. मला पाहून दादांना काही आठवेल, एवढीच आशा होती.

दादा येणार त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागला. त्यात धन्यांच्या पत्नी फडके घेऊन आल्या.

"अहो, ही अशी मळकी गाडी दादांपुढे ठेवणार? द्या इकडे, पुसते."

"हात नको लावूस. तीन आठवडे खपून मळवलीय तिला."

फडके टळले, पण घात घरच्याच हाताने झाला. वाट पाहताना धन्यांना चैन पडेना. ब्रश हातात होताच. जुन्या सवयीने त्यांनी दाराखालचा तो मोठा डाग निळ्या रंगाने झाकून टाकला आणि मग कपाळावर हात मारला. तेवढ्यात घंटा वाजली.

दादांनी मला उलटसुलट पाहिले. चेहरा कोराच. मला वाटले, संपले सगळे. मग त्यांचा अंगठा ओल्या दारावर टेकला आणि निळा झाला. ते अंगठ्याकडे बघत राहिले.

"छोट्या," ते म्हणाले, "पुन्हा गंज झाकलास? गाडी विकली तेव्हाही हेच केलं होतंस. गिऱ्हाइकाची पँट निळी झाली होती."

धनी हसायला गेले आणि त्यांना रडू फुटले.

मित्रांनो, तो अंगठ्याचा ठसा माझ्या दारावर अजून आहे. दादा दर रविवारी येतात. कधी ओळखतात, कधी नाही. तुमच्या घरात असे काही मळके, गंजके दिसले, तर फडके फिरवण्याआधी थोरांना विचारा, हे कोणाचे. सांगणाऱ्यांना आठवते आहे, तोवरच विचारा.