आस्लाकचा बोल्ट

आमच्या मिनेसोटातल्या गावात पहिली मोटार बँकवाल्याने आणली, तेव्हा माझा नवरा हाल्वर म्हणाला होता, "पैसेवाल्यांचं खेळणं!" पुढे डेट्रॉइटच्या कारखान्यात म्हणे गाडीच माणसांपुढून सरकू लागली आणि एकेक जण एकेकच काम करू लागला. गाड्या भराभर निघाल्या, किंमत दरवर्षी उतरत गेली आणि शेवटी लोहाराच्या, म्हणजे आमच्याच, दारात एक काळी गाडी उभी राहिली. शेजारच्या आस्लाकच्या कोटाला धड बटणं नव्हती, पण त्याच्याकडेही तश्शीच दुसरी. मला त्या गाडीचं भारी कौतुक. हाल्वरचं मात्र एकच पालुपद, "दिवसभर एकच बोल्ट पिळणारा माणूस कसला कारागीर?"

एप्रिलमध्ये पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याचा बोल्ट तुटला. हाल्वरने दुकानात उरलेला एकुलता एक नवा आणला आणि बसवून बघण्याआधीच त्यावर कानस चालवली. विकतची वस्तू जशीच्या तशी बसते, हे त्याने आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. बोल्ट भोकात खुळखुळू लागला, गाडी दारातच अडली.

त्याच दिवशी दुपारचं जेवून मी हात धुतेय, तोच फोन वाजला. माझा भाऊ तूरे होता.

"ताई, आईचं काही खरं नाही. संध्याकाळ काढेल असं वाटत नाही. सारखं तुझं नाव घेतेय."

घोड्यांनी माहेर म्हणजे दिवसभराची वाट, त्यात बर्फ वितळून झालेला चिखल. फोन हातात असतानाच मी हाल्वरवर ओरडले, "घासलास ना बोल्ट? आता कशी जाऊ मी आईकडे?" मला इतका संताप आला की डाव फेकून मारला त्याला.

आमच्या रस्त्यावर सगळ्या घरांना फोनची एकच तार. घंटी कुणाचीही असो, कान सगळ्यांचे. एरवी मी त्या चोरट्या कानांचा उद्धार करते. त्या दिवशी थोड्याच वेळात आस्लाक चिखल तुडवत, धापा टाकत आला. त्याची स्वतःची गाडी टायर फुटून ठोकळ्यांवर चढवलेली होती.

"चोरून ऐकलं, वहिनी. शिव्या नंतर द्या," म्हणत त्याने मूठ उघडली. त्याच्या गाडीचा बोल्ट!

"तुझ्या गाडीचा माझ्या गाडीला कसा बसेल?" हाल्वरचा हात सवयीने कानशीकडे गेला. "जरा घासून..."

"कानशीला हात लावलास तर तुलाच ठोकळ्यावर चढवीन!" मी कडाडले.

आस्लाकने बोल्ट घातला. बसला. ना सैल, ना घट्ट. हाल्वरने चाक हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं.

"ज्याने हा केला," तो हळूच म्हणाला, "त्याने माझी गाडी जन्मात पाहिलेली नाही."

"कौतुक वाटेत कर," मी म्हटलं, "आधी हँडल मार!"

उन्हं कलायच्या आत आम्ही माहेरच्या दारात होतो. आईने डोळे उघडले.

"कालच निघालीस वाटतं?"

"नाही गं, आज दुपारचं जेवून निघाले."

तिला पटेना. खिडकीबाहेरच्या गाडीकडे ती बराच वेळ बघत राहिली. लग्न झाल्यापासून मी तिला वर्षातून एकदा, कापणी उरकल्यावर भेटायची. तिने माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे उद्याही येशील?"

आले. परवाही आले. आई होती तोवर रोज आले.