उपासाचं औषध

आमच्या थोरल्या जाऊबाई रुक्माबाई दर संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसत. मधुमेहाची गोळी मात्र घ्यायच्या, आणि वर पेलाभर कारल्याचा रस. "औषधानं उपास मोडत नही," हा त्यांचा कायदा अख्ख्या दोंडाईच्यात फक्त आमच्या घरी चालायचा.

एका संकष्टीला दुपारीच त्या घामानं निथळल्या, हात थरथरायला लागले आणि त्या मलाच सासूबाई म्हणू लागल्या. मी साखरेचं पाणी तोंडाशी नेलं, तर दात घट्ट!

"बाई, औषध आहे!" मी ओरडले. लगेच गटागटा प्याल्या.

भानावर आल्यावर त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर भडकले, "गोळीही साखर उतरवते, कारलंही उतरवतं, आणि तुम्ही उपाशी! रस घेता हे मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही औषधाचं विचारलं. कारलं त भाजी शे."

"मग संकष्टीला भाजी खाल्लीत तुम्ही?" मी म्हटलं.

डॉक्टरांना न घाबरलेल्या जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. कारल्याचा रस त्या दिवसापासून बंद झाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा हात घट्ट धरून कुजबुजल्या, "गणपतीले सांगू नको."