बेल मास्तरची, ब्रेक माझा

भर रस्त्यात गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे पायलटबाईंना उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागल्या, त्या केस पांढरे करूनच निवृत्त झाल्या; पण चौकात गाडी घालून कधी हात वर केले नाहीत. ‘पायलट’ हे नाव त्यांना डेपोनं दिलं होतं, आणि उगाच दिलं नव्हतं. त्याच बाईंना त्या दिवशी भर दुपारी त्यांच्या मोटरच्या चाकाच्या खुर्चीनं रस्त्याच्या ऐन मध्यावर उभं केलं आणि वर गोड आवाजात म्हणते कशी, ‘आपण सुरक्षित क्षेत्राच्या सीमेवर आहात. पालकांच्या परवानगीची वाट पाहत आहोत.’

पालकांच्या! बाईंचे आईवडील जाऊन जमाना लोटला होता.

त्यांनी दांडी पुढे ढकलली, खुर्ची ढिम्म. मागे ओढली, तरी ढिम्म. एकीकडून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला, दुसरीकडून स्कूटरवाले वळसे घालता घालता अक्कल शिकवू लागले. ‘आजी, झेपत नाही तर घरी बसावं ना!’ एका भल्या माणसानं मागून ढकलून पाहिलं, पण मोटरनं चाकं अशी आवळून धरली होती की जणू खुर्ची डांबरात रुतली. बाईंनी मुलाला फोन लावला. मुलानं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

समोर चढाचा रस्ता होता आणि चढाच्या टोकाला मास्तरचं दार. डेपोत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि हा मास्तर बाईंच्या गाडीवरचा होता. निम्मी नोकरी दोघांनी एकाच बसवर काढली होती. निवृत्तीनंतर तो बाईंच्या इमारतीखाली येऊन बसायचा, बाकावर पत्त्यांचा डाव पडायचा. मग त्याच्या हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरनं चढ-उतार बंद केले. तो खाली येऊ शकत नाही, तर आपण वर जाऊ, असा बाईंचा साधा हिशेब. मांडीवर पत्त्यांचा जोड घेऊन निघाल्या होत्या. आणि दारात बसलेला मास्तर आता त्यांची ही शोभा बघत होता. तो उठला, भिंतीला धरून खाली यायला निघाला, तेव्हा बाई हॉर्नच्या वर आवाज चढवून ओरडल्या, ‘माघारी फीर! एक पाऊल टाकलंस तर बघ!’

अखेर खुर्चीला वाचा फुटली. ‘परतीच्या प्रवासाची परवानगी मिळाली आहे.’ आणि ती मुकाट घराच्या दिशेनं चालू लागली. दुसऱ्या कुठल्याच दिशेला वळेना. सबंध वाटेत बाईंनी मान वर केली नाही. लाज वाटली तर माणूस मान खाली घालतं. पण बाई रागानं थरथरत होत्या, आणि तो राग कोणाला दिसू नये असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी मुलगा घरी आला. तो विमा कंपनीत होता. जगात काय काय अपघात होऊ शकतात हे मोजण्याचाच पगार घेणारा माणूस. त्याला चमच्यातही दुखापत दिसायची.

‘मी मीटिंगमध्ये होतो, आई.’

‘आणि मी ट्रकपुढे होते. हा पालक कोण रे?’

त्यानं फोन पुढे केला. ॲपमध्ये दोन गोल होते. एकात त्याचा फोटो, खाली ‘पालक’. दुसऱ्यात बाईंचा, खाली ‘पाल्य’.

‘ते कंपनीचे शब्द आहेत गं. लहान मुलांच्या खुर्च्यांसाठी केलंय, तेच इथं—’

‘मी तुझी पाल्य? अरे, तुझं नाक मी पुसलंय!’

‘तुझ्याच भल्यासाठी आहे. क्षेत्राबाहेर गेलीस तर मला कळतं, मी हो म्हटलं की खुर्ची पुढे जाते.’

‘आणि नाही म्हटलंस, की मी रस्त्यात उभी. झकास! उंटावर बसून शेळ्या हाक तू. शेळी मेली तरी तुझी मीटिंग मोडायची नाही.’

‘खुर्ची मी आणलीय ना, काळजीनंच आणलीय ना?’

‘सायकल मीही आणली होती तुला. कुलपाची किल्ली पदराला बांधून ठेवली होती का मी? पडलास, गुडघे फोडून घेतलेस, पुन्हा बसलास.’ बाईंचा आवाज कापरा झाला, तसा त्यांनी तो चढवला. ‘ते कुलूप काढ.’

मुलगा म्हणाला, कुलूप निघत नाही. कंपनी म्हणते, क्षेत्र लहान-मोठं करता येतं, पण कुलूप सुरक्षेसाठी कायमचं आहे, आणि झाकण उघडलं तर वॉरंटी जाते. एवढं बोलून तो हात धुवायला गेला. क्षेत्र मोठं करतो, असं मात्र म्हणाला नाही. ते बाईंच्या लक्षात आलं. शिवाय एक गोष्ट त्यांना मघापासून टोचत होती. दवाखाना मास्तरच्या घरापेक्षा कितीतरी लांब. तिथं जाताना ही बया कधी अडली नव्हती.

हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून सूनबाई ऐकत होती. सून लिफ्ट दुरुस्त करायची. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हा तिचा रोजचा धंदा, त्यामुळे अडकलेल्या माणसाचा चेहरा तिला बरोबर ओळखू यायचा.

सुट्टीच्या सकाळी मुलगा बाजारात गेला, तेव्हा तिनं हत्यारांची पेटी आणून बाईंच्या पलंगाशेजारी फरशीवर ठेवली.

‘आई, या खुर्चीच्या डोक्यात दुसरा प्रोग्राम घालता येतो. अशा खुर्चीवर बसणाऱ्या लोकांनीच लिहिलाय, देशोदेशीच्या. फुकट आहे, आणि उघडा आहे. आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, बदलावं, पुढच्याला द्यावं.’

‘फुकट?’ बाईंनी भुवया उंचावल्या. ‘फुकट ते कडू निघतं. देणाऱ्याच्या पोटात काय आहे कोणास ठाऊक.’

‘तेच तर! यांच्या पोटात काय आहे ते वाचता येतं. कंपनीच्या पोटात काय आहे ते नाही.’

डेपोच्या फाटकापाशी एक काळा फळा होता, तो बाईंना आठवला. अमुक गाडी डावीकडे ओढते, तमुक गाडीचा क्लच असा दाबा, पावसाळ्यात या वळणावर असं करा. ज्याला जे कळलं ते तो खडूनं लिहून जायचा. चुकीचं असलं तर पुढचा खोडून दुरुस्त करायचा. कोणी कोणाकडे पैसे मागितले नव्हते, कोणी फळ्यावर पडदा टाकला नव्हता. सगळ्यांच्याच माना त्या गाड्यांत अडकलेल्या, मग लपवायचं कोणापासून?

‘फळाच आहे म्हणायचा,’ त्या म्हणाल्या. ‘वॉरंटीचं काय?’

‘वॉरंटी जाईल. पुढे बिघडली तर मी आहे.’

‘मग उघड झाकण. ज्याचं झाकण मला उघडता येत नाही, ते माझं कसलं?’

सुनेनं बाईंना पलंगावर बसवून खुर्ची आडवी केली. सीटखालचा काळा डबा खोलून वायर जोडली. आधी जुन्या प्रोग्राममधलं सगळं काढून घ्यायचं होतं. ते काढता काढता ती एकदम थबकली. लॅपटॉपचं तोंड तिनं हळूच स्वतःकडे वळवलं.

‘काय गं? काय लपवतेस?’

‘काही नाही, आई.’

‘लिफ्ट पडली तरी तुझा चेहरा असा होत नाही. वळव इकडे.’

सुनेनं वळवला. पडद्यावर नकाशा होता. घराभोवती मोठं थोरलं वर्तुळ, त्यात दवाखाना, बाग, बाजार, पार नदीच्या घाटापर्यंत सगळं आत. आणि त्या गरगरीत वर्तुळाला एका जागी, कोणीतरी मुद्दाम बोटानं दाबावं तशी खोच मारलेली. खोच रस्त्याच्या मध्यावरून आत शिरत होती आणि एकच चढाची गल्ली नेमकी बाहेर ठेवून परत येत होती.

बाईंना चष्म्याची गरज पडली नाही.

‘सुरक्षित क्षेत्र,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘नदीचा घाट सुरक्षित. घसरले तर सरळ पाण्यात, तो सुरक्षित! आणि मास्तरचं दार धोक्याचं.’ आणि मग त्या हसल्या. सुनेला ते हसू बघून भीती वाटली. ‘तू तुझं काम कर. तो येऊ दे.’

मुलगा आला तो पिशव्यांसकट दारातच थिजला. खुर्ची आडवी, डबा उघडा, फरशीवर स्क्रू, आणि पलंगावर आई, मांडीवरच्या लॅपटॉपवर नकाशा उघडा ठेवून.

‘ही खोच कोणी मारली?’

तो बायकोकडे बघू लागला.

‘तिच्याकडे नको, माझ्याकडे बघ. कुंपणानंच शेत खाल्लंय. कोणी मारली?’

‘मी,’ तो म्हणाला. आणि मग बांध फुटल्यासारखं बोलत सुटला, ‘लोक बोलतात, आई! तुम्ही दोघं खाली बाकावर बसायचात, तेव्हापासून बोलतात. तो एकटा, तू एकटी. समोरचे काका मला लिफ्टमध्ये विचारतात, आईसाहेब मजेत आहेत ना? वर डोळा मारतात! आता तू त्याच्या घरात जाऊन बसणार, दार लावून—’

‘दार लावायचं की उघडं ठेवायचं, ते आम्ही ठरवू.’

‘बाबांचा तरी विचार कर!’

‘तुझ्या बाबांचा?’ बाई पलंगाच्या कडेला सरकल्या. पायांत जोर असता तर उभ्याच राहिल्या असत्या. ‘तुझे बाबा रोज दोन डबे भरून द्यायचे, एक माझा, एक मास्तरचा. त्यांना कधी वर्तुळ काढावं लागलं नाही. आणि तू विमेवाला, समोरच्याच्या एका डोळ्यासाठी तू मला भर रस्त्यात ट्रकपुढे उभी केलीस? जनाची राहू दे, मनाची तरी?’

मुलगा मटकन खाली बसला, स्क्रूंच्या शेजारी.

‘तू बाथरूममध्ये पडली होतीस,’ तो म्हणाला. ‘मी येईपर्यंत तशीच पडून होतीस. गार फरशीवर. मला अजून दिसतं ते. फक्त लोकांचं नाही गं आई. सगळ्याचीच भीती वाटते.’ आणि तो एवढा थोरला बाप्या, रडू लागला.

बाईंचं काळीज हललं. का नाही हलणार? त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण हात मऊ झाला म्हणून शब्द मऊ झाले नाहीत.

‘भीती तुझी आहे, ती तू सांभाळ. खुर्ची माझी आहे, ती मी सांभाळीन. एवढी वर्षं सबंध गाडी माणसांनी भरून चालवली मी. मागे मास्तर असायचा. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. त्याला मागचं दिसायचं, मला पुढचं. तो बेल मारायचा, मी ऐकायची. पण ब्रेक? ब्रेकवर पाय माझा! मास्तरनं कधी मागून येऊन माझा ब्रेक दाबला नाही. दाबला असता तर त्याला तिथंच उतरवला असता.’

मग त्या सुनेकडे वळल्या. ‘त्या फळ्यावर बेल आहे का गं?’

‘नाही. पण घालता येईल.’

‘घाल. याच्या फोनवरून वाजली पाहिजे. सिंगल आणि डबल. बास, तेवढंच. आणि उतारावर वेग आपोआप कमी होतो म्हणालीस ना, ते ठेव. उतारावर गाडी सोडून द्यायची नसते, ते मला मान्य आहे. कुलूप, वर्तुळ आणि ती गोड बोलणारी बया, तिघांना घराबाहेर काढ.’

सुनेनं नवा प्रोग्राम चढवला आणि आधी खुर्चीवर सिमेंटची गोणी ठेवून ती जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत चालवली, थांबवली, इमारतीच्या रॅम्पवरून वर-खाली केली. तिचं समाधान झाल्यावर गोणी उतरली आणि बाई बसल्या. बेलसाठी तिनं घातलेल्या ओळी तिनं इतरांसाठीही फळ्यावर टाकून दिल्या. परदेशातल्या कोणा बाईचा लगेच निरोप आला, माझ्याही घाबरट मुलासाठी हवीच होती. ते ऐकून बाईंनी मांडीवर थाप मारली.

पुढच्या दुपारी त्या पत्ते घेऊन निघाल्या. मुलगा मागून चालत होता, फोन मुठीत धरून. समोरचे काका गॅलरीत होते. बाईंनी खुर्ची थांबवली, वर बघितलं आणि हाक मारली, ‘मजेत आहे हो! मास्तरकडे चाललेय, पत्ते खेळायला! काही निरोप?’ काकांना अचानक आत काहीतरी काम आठवलं.

रस्ता आला. तीच जागा. बाईंनी दांडीवर हात ठेवला, आणि खुर्चीत बेल वाजली. टण्. सिंगल.

बाई थांबल्या. बेल ऐकली नाही असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता.

‘कारण?’ मान न वळवता त्यांनी विचारलं.

‘काही नाही. भीती वाटली.’

‘डेपोत हे कारण चालत नाही,’ बाई म्हणाल्या, आणि दांडी पुढे ढकलली.

जिथं त्या बयेनं त्यांना अडवलं होतं, ती जागा चाकाखालून गेली. बाईंना ओरडावंसं वाटलं, गावंसं वाटलं. मोटर कण्हत कण्हत चढ चढू लागली. मुलगा चढाच्या पायथ्याशी थांबला. त्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं.

मास्तर दारात उभा होता. त्यानं उंबऱ्यावर फळी टाकून ठेवली होती. ‘पायलट, गाडी लेट आहे,’ तो म्हणाला.

‘रस्त्यात अडथळा होता. काढला.’

त्या फळीवर चाक चढवणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. टण् टण्.

बाईंनी मागे वळून पाहिलं. मुलगा खाली एकटाच उभा होता, फोन अजून हातात.

मास्तरनं ती बेल ऐकली, खाली नजर टाकली आणि मिशीत हसला. ‘नवा मास्तर ठेवलास वाटतं?’

‘शिकाऊ आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आजच पहिली बरोबर बेल मारलीय.’

आणि त्यांनी गाडी आत घेतली.